पायलट दिवा पुन्हा पुन्हा का जातो? जुन्या यंत्राचा बल्ब ओळखणं आणि शोधणं

मावशीच्या रेडिओच्या डायलचा पायलट दिवा, म्हणजे यंत्र चालू असल्याचं दाखवणारा छोटा दिवा, मी दोन वर्षांत पाच वेळा बदलला. सांगलीच्या घरातला व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा रेडिओ. काकांनी घेतलेला, ते गेल्यावरही मावशी तो रोज पाच-सहा तास लावते. आवाज अजून खणखणीत आहे, पण डायल अंधारी झाली की मावशीला तो आजारी वाटतो. "अरे, त्याचे डोळे मिटलेत," असा फोन येतो. मग पुढच्या खेपेला मी पुण्याहून बल्ब घेऊन जाणार, तोवर डायल काळोखात.

दरवेळी पद्धत तीच. उडालेला बल्ब काडेपेटीत घालून तापकीर गल्लीत न्यायचा. दुकानदार तो दोन बोटांत धरून बघणार, ट्रेमधून तसाच दिसणारा काढणार, "हाच बसतो साहेब" म्हणणार. आणि खरंच तो बसायचा, लागायचाही. पहिले दोन जेमतेम एक-दोन दिवस टिकले. तिसरा चांगला लख्ख होता, पण "जळका वास येतोय" असं मावशीनेच कळवलं आणि डायलच्या सेल्युलॉइडवर तपकिरी डाग पडला. चौथा मिणमिणता होता, तोही गेला. पाचव्या वेळी मी नीट चौकशी करून बरोबर आकड्यांचा आणला, आणि तोसुद्धा साडेचार महिन्यांत उडाला. तेव्हा कुठे व्होल्ट-अँपिअर मोजायचा मल्टीमीटर घेऊन खाली बसलो.

जे कळलं ते रेडिओपुरतं नाही. कारखान्याच्या पॅनेलवरचे दिवे, जुने अॅम्प्लिफायर, गाडीचा मीटर, लिफ्टची बटणं, सगळीकडे घोटाळा एकाच जागी होतो. आपण बल्ब होल्डरात बसतो का एवढंच बघतो.

हातातला बल्ब साक्षीदार म्हणून कच्चा

उडालेला बल्ब म्हणजे कंपनीने बसवलेला बल्ब असं आपण गृहीत धरतो. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या यंत्रात तसं क्वचितच असतं. तो शेवटच्या मेकॅनिकला त्या दिवशी जे मिळालं ते असतो. माझ्या पहिल्या दोन खेपांचं कोडं इथेच सुटलं. ते टॉर्चचे बल्ब होते. टॉर्चच्या बल्बकडून कमी सेलवर जास्तीत जास्त उजेड काढायचा असतो, म्हणून त्याची तार मुद्दाम खूप तापवतात. त्याचं आयुष्यच पंधरा-वीस तासांच्या घरात असतं. टॉर्च एका वेळी दोन मिनिटं लागते, तिला ते पुरतं. डायलच्या दिव्याचं आयुष्य हजारो तासांत मोजतात. बूड, म्हणजे होल्डरात बसणारा खालचा भाग, दोघांचं सारखंच.

तिसरा सायकलच्या डायनामोच्या पुढच्या दिव्याचा, ६ व्होल्ट ३ वॅट. म्हणजे अर्धा अँपिअर, पाहिजे होता त्याच्या तिप्पट. उजेड जास्त, उष्णता त्याहून जास्त. चौथा त्याच डायनामोच्या मागच्या लाल दिव्याचा, ६ व्होल्ट ०.६ वॅट. हे चारही बल्ब होल्डरात फिरवले की बिनतक्रार बसतात.

मेलेला बल्ब टाकून मात्र देऊ नका. तो कसा मेला हे काच सांगते. काच स्वच्छ आणि तार एका जागी तुटलेली असेल तर हादरे किंवा साधं म्हातारपण. आतून काळसर-रुपेरी आरसा झाला असेल तर तार बराच काळ जास्त तापून टंग्स्टन काचेवर जमलं, म्हणजे व्होल्टेज बघा. आत पांढरट भुकटी दिसली तर काचेला किंवा बुडाशी चीर जाऊन हवा शिरली, त्यात सर्किटचा दोष नाही. माझे शेवटचे दोन आतून काळे होते. ते मी आधी बघायला हवं होतं.

बूड

बारीक माप घेणारा व्हर्निअर कॅलिपर असेल तर उत्तम, नसेल तर साधी पट्टी चालते. आट्याचं बूड आणि व्यास साधारण १० मिलिमीटर असेल तर ते ई-१०. टॉर्च, सायकल, बरेच युरोपियन वळणाचे रेडिओ यात हेच. पाच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ई-५. गुळगुळीत बूड आणि दोन बाजूंना समोरासमोर दोन बारीक पिना, व्यास ९ मिलिमीटर, तर बीए-९-एस. पॅनेलवरच्या दिव्यांत बहुतेक हेच असतं. सात मिलिमीटर असेल तर बीए-७-एस. हे दोन नुसत्या नजरेने सारखेच वाटतात, म्हणून मोजायचं. बूड नाहीच, काचेचा चपटा तळ आणि त्यावर दुमडलेल्या दोन तारा, तर तो गाडीच्या मीटरमधला, आपल्याकडे कॅपलेस म्हणतात तो. दोन्ही बाजूंना पितळी पट्ट्या लावलेली लांबट नळी असेल तर तो टेलिफोन एक्स्चेंजच्या वंशातला, जुन्या लिफ्टच्या आणि मशीनच्या बटणांतही दिसतो. आणि दोन टोकांना टोप्या, हुबेहूब फ्यूज, तर तो सत्तरच्या दशकातल्या जपानी रिसीव्हरच्या डायलमागचा, बहुधा ८ व्होल्टचा आणि २५० किंवा ३०० मिलिअँपिअरचा. एका ओळखीच्यांनी त्या जागी खरा फ्यूज बसवून सेट चालू केला होता. फ्यूज उडाला म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचला.

काचेच्या मापाचा एक गोंधळ सांगून ठेवतो. अमेरिकन पद्धतीत टी पुढचा आकडा इंचाच्या आठव्या भागात असतो. टी-सव्वातीन म्हणजे सव्वातीन अष्टमांश इंच, साधारण १० मिलिमीटर. गाडीच्या दुकानात तोच आकार टी-१० म्हणून मिळतो, कारण तिथे आकडा मिलिमीटरचा धरतात. आणि "टी-५ द्या" म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलात तर तो तुमच्यापुढे ट्यूबलाइट ठेवेल, कारण ट्यूबचे आकडे पुन्हा अष्टमांश इंचात. म्हणून टी विसरा, मिलिमीटरमध्ये बोला. व्यास किती, बुडासकट लांबी किती. लांबी विसरू नका, दोन मिलिमीटर जास्त असली तर रंगीत टोपी बसत नाही.

बुडावरची अक्षरं

पितळी कड्यावर ठोकलेले आकडे पन्नास वर्षांत घासून जातात, पण पूर्ण जात नाहीत. कड्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर चोळा, बोटाने वरवर पुसा आणि टॉर्च आडवी धरून भिंगातून बघा. खाचांत पांढरं राहतं आणि आकडे उठतात.

"६.३ व्होल्ट ०.१५ अँपिअर" असं सरळ लिहिलेलं असेल तर नशीब. अमेरिकन वळणाच्या बल्बवर नुसता नंबर असतो, आणि त्या नंबरात व्होल्ट-अँपिअर दडलेले नसतात, ते पाठच हवेत. ४७ नंबर म्हणजे ६.३ व्होल्ट १५० मिलिअँपिअर, पिनेचा. ४४ म्हणजे तेच व्होल्टेज, तेच बूड, पण २५० मिलिअँपिअर. आट्याच्या बुडात हेच दोघे ४० आणि ४६ या नंबरांनी येतात. १८१५ हा १४ व्होल्टचा, १८१९ हा २८ व्होल्टचा, आणि दोघेही ४७ च्या होल्डरात आरामात बसतात. नंबर गेला असेल तर आत तारेच्या दोन खांबांना धरणारा काचेचा मणी बघा. ४७ आणि ४० चा मणी तपकिरी, ४४ आणि ४६ चा निळा. सगळेच कारखाने हा नियम पाळत नाहीत, तरी मोठा आधार मिळतो.

सर्किट आज काय देतं

बल्बवर काय लिहिलंय हे अर्धं काम. होल्डरवर आज किती व्होल्टेज येतंय हे उरलेलं अर्धं, आणि तेच कोणी करत नाही.

त्याआधी एक ताकीद. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ टिकतं. त्याहून फसवे ते बिनट्रान्सफॉर्मरचे एसी-डीसी सेट. त्यांची चॅसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेन्सला जोडलेली असते. व्हॉल्व्हची नावं यू अक्षराने सुरू होत असतील तर हात आवरा. तिथे सगळ्या व्हॉल्व्हच्या तारा एका माळेत असतात, १०० मिलिअँपिअरच्या, आणि कित्येक सेटमध्ये डायलचा दिवाही त्याच माळेत ओवलेला असतो. अशा सेटमध्ये दिवा काढून रिकाम्या होल्डरवर मीटर लावलं तर सरळ मेन्सच्या जवळचा आकडा दिसू शकतो. त्यावरून २३० व्होल्टचा बल्ब आणू नका. तिथे व्होल्टेज नव्हे, करंट जुळवायचा असतो.

ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्ये काम सोपं. बल्ब लागलेला असताना, सगळे व्हॉल्व्ह जागेवर असताना, सेट पाच मिनिटं गरम झाल्यावर, मीटर एसीवर ठेवून होल्डरच्या दोन टोकांवर मोजायचं. भाराशिवाय मोजलं तर आकडा फुगतो.

मावशीच्या सेटवर आला ७.०. दिवा ६.३ चा.

सात आणि सहा पूर्णांक तीन, फरक पाऊण व्होल्टसुद्धा नाही. पण टंग्स्टनच्या तारेचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताने घटतं. व्होल्टेज ११ टक्के चढलं की आयुष्य पाव राहतं. बरोबर आकड्यांचा बल्ब ३००० तासांचा धरला तर त्याचे ८०० तास झाले. मावशी रोज सहा तास रेडिओ लावते. आठशेला सहाने भागा, १३३ दिवस. साडेचार महिने! बल्ब चांगलाच होता. हिशोबाप्रमाणे आला आणि हिशोबाप्रमाणे गेला.

मग सात व्होल्ट आले कुठून

सेटच्या मागे व्होल्टेज निवडायची चकती असते. हिच्यावर २००, २२०, २४५ अशा खुणा आहेत आणि चकती २२० वर होती, बहुधा घेतल्या दिवसापासून. मी मावशीकडे मुक्कामाला असताना भिंतीच्या प्लगमध्ये मोजत राहिलो. संध्याकाळी २२८, रात्री साडेदहाला २३९, पहाटे पाचला २४६. आणि मावशीचा रेडिओ पहाटेच लागतो. २२० साठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला २४५ दिले की ६.३ चे ७ होणारच.

खरी चपराक पुढे आहे. त्याच गुंडाळीवर व्हॉल्व्हच्या तारा असतात. म्हणजे तेही इतकी वर्षं सात व्होल्टवर तापत होते आणि कपॅसिटरवरही त्याच प्रमाणात जास्त दाब येत होता. सर्वांत स्वस्त भाग आधी उडून खूण करत होता आणि मी त्याचंच तोंड बंद करत होतो. चकती २४५ वर आणली. आता पहाटे ६.३, संध्याकाळी ५.९. आवाजात काही फरक नाही.

तुमच्या सेटला चकती नसेल किंवा ती आधीच वरच्या खुणेवर असेल, तर दिव्याच्या वाटेत रेझिस्टर टाका. समजा ७ व्होल्ट येतात आणि दिव्याला ५.७ द्यायचे आहेत. १.३ व्होल्ट गाळायचे. ०.१५ चा दिवा ५.७ वर साधारण ०.१४ अँपिअर घेतो. १.३ भागिले ०.१४, उत्तर ९ च्या आसपास, म्हणजे १० ओहमचा रेझिस्टर. त्यात पाव वॅटसुद्धा जळत नाही, तरी १ वॅटचा लावा, गार राहील. दोन दिवे असतील तर प्रत्येकाला वेगळा. ५.७ व्होल्टवर उजेड सत्तर टक्के राहतो, आयुष्य तिपटीच्या वर जातं. डायलला सत्तर टक्के उजेड पुष्कळ झाला. काचेमागचा तो पिवळसर रंग उलट जास्त शोभतो, असं माझं मत.

काहीच लिहिलेलं नसेल तर करंट कसा काढायचा

जोडीचा एखादा दिवा जिवंत असेल तर त्याच्या वाटेत मीटर अँपिअरवर लावून सरळ मोजा. यंत्र बंदच असेल आणि बल्ब जिवंत पण निनावी असेल तर थंड तारेचा रोध मोजा. तापल्यावर तो साधारण दहापट होतो. थंडपणी ४ ओहमच्या जरा वर असेल तर गरम ४२, आणि ६.३ भागिले ४२ म्हणजे ०.१५ अँपिअर. अडीच ओहम आला तर ०.२५ चा. मीटरच्या वायरींचाच अर्धा ओहम असतो, तो वजा करायला विसरू नका, नाहीतर इतक्या लहान आकड्यात सगळं गणित घसरतं.

शंका असेल तर कमी करंटचा निवडा. ४४ च्या जागी ४७ लावला तर उजेड थोडा कमी, उष्णता बरीच कमी, बिघडत काही नाही. उलटं केलंत तर प्लास्टिक वितळतं.

कारखान्याच्या पॅनेलवरचे दिवे

साडेबावीस मिलिमीटरच्या भोकात बसणारे लाल-हिरवे-पिवळे दिवे. बाहेरून सगळे एकसारखे, आत तीन जाती. एकात बल्ब थेट लाइनवर असतो. दुसऱ्यात पाठीमागे चिमुकला ट्रान्सफॉर्मर आणि बल्ब ६ व्होल्टचा. तिसऱ्यात पाठीमागे रेझिस्टर आणि बल्ब १३० व्होल्टचा. तिन्हींचं बूड बीए-९-एस. "पॅनेल २३० चं आहे" म्हणून २४० व्होल्टचा बल्ब तिसऱ्या जातीत लावला तर तो मंद लागतो आणि लोक होल्डर बदलतात. २४ व्होल्टचा लावला तर अधिक वाईट. बल्ब अंधुक लागलेला दिसतो, पण रेझिस्टरमधून दुप्पट करंट जातो, म्हणजे चौपट उष्णता. संध्याकाळपर्यंत पॅनेलमध्ये वास सुटतो. म्हणून बल्ब आणण्याआधी दिव्याची पाठ बघा, ट्रान्सफॉर्मर किंवा रेझिस्टर तिथे दिसतोच.

पॉवर प्रेसवर किंवा कॉम्प्रेसरजवळ बल्ब टिकत नसतील तर कारण हादरे. २४० व्होल्टच्या बारीक बल्बची तार केसाहून बारीक आणि लांबलचक असते, ६ व्होल्टची आखूड आणि जाड. अशा जागी ट्रान्सफॉर्मरवाला दिवाच घ्या. होल्डरही बघा. तळाची स्प्रिंग लुळी पडली की बुडाखालचा डाकाचा थेंब चपटा होतो, काळा पडतो, दिवा लुकलुकतो आणि दोष बल्बवर जातो. बारीक पॉलिश पेपर आणि स्प्रिंगला थोडा ताण, दोन मिनिटांचं काम. मेन बंद करून, अर्थात.

सबस्टेशनच्या किंवा मोठ्या ब्रेकरच्या पॅनेलवर "ट्रिप सर्किट हेल्दी" असा दिवा असतो, त्याला मात्र स्वतःच्या अकलेने हात लावू नका. तो ब्रेकर पाडणाऱ्या ट्रिप कॉइलच्या वाटेतच असतो. बल्ब शॉर्ट झाला तरी कॉइल खेचली जाऊ नये म्हणून सोबत रेझिस्टर असतो. तिथे मोठ्या वॅटचा बल्ब किंवा मधला रेझिस्टर काढून केलेला जुगाड म्हणजे विनाकारण ब्रेकर पडण्याला आमंत्रण.

निऑन

स्विचबोर्डवरचा, इस्त्रीवरचा, जुन्या गिझरवरचा नारिंगी ठिपका. यात तार नसते, म्हणून मीटरवर तो नेहमी तुटलेलाच दाखवणार. त्यावरून मेला म्हणू नका. काच काळवंडणं आणि ज्योतीसारखं फडफडणं ही त्याच्या म्हातारपणाची लक्षणं. अंधारात फडफडतो आणि टॉर्च मारली की नीट लागतो, असंही होतं. त्यात भुताटकी नाही, जुन्या निऑनला पेटायला बाहेरच्या उजेडाची थोडी मदत लागते.

निऑन कधीही एकटा लावायचा नाही. २३० व्होल्टवर वाटेत २२० ते ३३० किलोओहमचा रेझिस्टर हवाच, तो साधारण अर्धा मिलिअँपिअर जाऊ देतो. वॅटच्या हिशोबाने पाव वॅट पुरतो, पण मी अर्धा वॅटचा घेतो, कारण पाव वॅटचा रेझिस्टर साधारण २५० व्होल्टपर्यंतच सांगितलेला असतो आणि मेन्सचं शिखर सव्वातीनशेच्या घरात जातं. निऑन वारंवार जात असेल तर हा रेझिस्टर काढून मोजा. तापून तापून किंमत बदललेली सापडते, किंवा आधीच्या माणसाने हाताला लागला तो लावलेला असतो. आणखी एक उपयोग: दोन्ही काड्या उजळल्या तर एसी, एकच उजळली तर डीसी.

दिवा वाटतो, पण नुसता दिवा नाही

गावाकडे मामांच्या जुन्या डिझेल जीपची बॅटरी रोज उतरायची. बॅटरी बदलली, बेल्ट बदलला. शेवटी आठवलं की त्याआधी डॅशबोर्डवरचे सगळे बल्ब काढून एलईडी बसवले होते. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, सुरुवातीचा करंट बॅटरीच्या त्या लाल दिव्यातूनच मिळतो. १२ व्होल्ट २.२ वॅटचा दिवा म्हणजे १८० मिलिअँपिअर. एलईडीतून दहा-वीसच जातात, तेवढ्यावर अल्टरनेटर जागाच होत नाही. मूळचा बल्ब परत लावला, काम झालं. एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर ६८ ओहम ५ वॅटचा रेझिस्टर. तो दिवा उडाला तरी हीच तक्रार येते.

याहून गमतीचं उदाहरण इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत सापडतं. जुन्या ऑडिओ ऑसिलेटरच्या, म्हणजे चाचणीसाठी आवाजाचा सिग्नल तयार करणाऱ्या यंत्राच्या, पोटात एक बल्ब असतो, तो कधी उजळलेला दिसत नाही. ह्यूलेट-पॅकार्डचं पहिलं उत्पादन याच युक्तीवर उभं होतं. तार तापली की रोध वाढतो आणि सिग्नल आपोआप एका उंचीवर राहतो. हा बल्ब बंद दिसतो म्हणून बदलू नका, आणि एलईडी तर मुळीच नाही.

एलईडी लावू का?

लावा, पण वरची दोन प्रकरणं आणि माळेतले सेट वगळून. ६.३ व्होल्ट एसीवर नुसता एलईडी आणि रेझिस्टर जोडला तर उलट्या अर्ध्या लाटेत त्याच्यावर शिखराचे जवळजवळ ९ व्होल्ट येतात, आणि बहुतेक एलईडी उलट दिशेने ५ व्होल्टपर्यंतचेच असतात. आत ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) असलेले तयार एलईडी बल्ब ई-१० आणि बीए-९-एस दोन्ही बुडांत मिळतात, ते घ्या. रंग टोपीशी जुळवा. लाल टोपीमागे पांढरा एलईडी फिकट गुलाबी दिसतो, तिथे लालच हवा. डायलमागे घ्यायचा तर वॉर्म व्हाइट, नाहीतर जुना रेडिओ दवाखान्यासारखा दिसतो.

पॅनेलवर बटण बंद असतानाही एलईडी मंद लागून राहत असेल तर लांब केबलमधून झिरपणारा करंट त्याला पुरतो आहे. तारेच्या बल्बला तो कळायचाही नाही. समांतर रेझिस्टर किंवा त्यासाठीच बनवलेला दिवा, हा उपाय. डीसी कॉन्टॅक्टरच्या (चुंबकाने चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलला समांतर लावलेले एलईडी पटापट मरत असतील तर कॉइलवर उलटा डायोड आहे का ते बघा.

शोधायचं कुठे

नमुना घेऊन जा, पण नमुन्यावर विसंबू नका. चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून न्या: व्होल्ट, अँपिअर, बूड, लांबी. दुकानदार "६ व्होल्ट" म्हणाला की "किती अँपिअर?" असं विचारा. उत्तर आलं नाही तर बुडावर वाचा.

पॅनेलच्या बल्बसाठी मुंबईत लोहार चाळ, इलेक्ट्रॉनिक्ससाठी लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मी अख्खी टेलिफोनची पट्टी, दिव्यांसकट, भंगाराच्या भावात घेतली होती. बीए-९-एस हवा असेल तर गाडीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जायला विसरू नका. पार्किंगचा १२ व्होल्ट ४ वॅटचा बल्ब त्याच बुडाचा, ट्रकसाठी तोच २४ व्होल्टमध्ये येतो. फक्त ४ वॅट लहान प्लास्टिकच्या टोपीमागे जास्त होतात, २ वॅटचा मिळाला तर तो घ्या.

४४ आणि ४७ इथे मिळाले नाहीत तर ऑनलाइन शोधताना "पिनबॉल" हा शब्द घाला. अमेरिकेतल्या पिनबॉलच्या यंत्रांत हेच दिवे लागतात, म्हणून ते अजून दहा-दहाच्या खोक्यांत मिळतात. भाचा तिकडून येताना मी कपडे-चॉकलेट नको म्हटलं, दोन खोकी मागवली. मीटरच्या आतले गव्हाच्या दाण्याएवढे वायरवाले दिवे खेळण्यातल्या रेल्वेचा छंद असलेल्यांच्या दुकानांत सापडतात.

मावशीच्या सेटमध्ये आता ४० नंबर आहे, चकती २४५ वर. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलंय: "६.३ व्होल्ट, ०.१५ अँपिअर, आट्याचा, टॉर्चचा नको." खाली तारीख. शेजारी चिकटपट्टीने एक जादा बल्ब डकवलाय. चौदा महिने झाले, तो अजून तिथेच आहे.